लॉट, पेअर, कपल वगैरे

इंग्रजी शिकवणाऱ्याकडं किस्से साठतात ते उष्ट्या कपांसारखे. एक विसळेपर्यंत दोन येऊन पडतात! औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. दुष्काळाची वर्षं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. नव्या नोकऱ्यांसाठी सगळ्यांनाच इंग्रजी हवं होतं. अन् सगळ्यात जास्त घोळ व्हायचा 'किती' सांगणाऱ्या शब्दांचा.

*

फुलंब्रीहून येणारी सविता म्हणाली, "देअर आर फ्यू वॉटर इन वेल."

"सविता, पाणी मोजता येत नाही. 'लिटल' म्हणायचं."

"आमच्या गावात येतं, मॅडम. काल अकरा हंडे निघालं."

"आणि आज?"

"आज फ्यू."

*

कमलकाकू परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून यायच्या. 'कपल'वर त्यांनी वाक्य लिहिलं, "वी आर अ कपल. वी ड्रिंक टी ॲट फाइव्ह."

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी हळूच म्हटलं, "काकू, इथं 'वेअर' लागेल. भूतकाळ."

"मी तेच म्हणत होते," काकू म्हणाल्या. "पण हे म्हणाले, 'आर'च लिही."

*

क्लासातला अन्वर खुलताबाद रोडला प्लॉट विकायचा. 'लॉट' हा त्याचा लाडका शब्द. मोकळ्या रानात गाडी थांबवून म्हणायचा, "लॉट ऑफ पीपल आर कमिंग हिअर, सर!"

एकदा एक म्हातारी गाडीतून उतरली, रानाकडं बघितलं अन् परत जाऊन बसली.

मुलगा म्हणाला, "काय झालं, आई?"

"इतकी माणसं बसलीत. घर कुठं बांधतो?"

तेव्हापासून अन्वर 'लॉट' म्हणत नाही. 'सम' म्हणतो!

*

चपला दाराबाहेर काढायची पद्धत. एका संध्याकाळी सगळे गेले अन् एक जोड उरला. जुना, लाल मातीनं माखलेला. आठवडाभर कोणी न्यायला आलं नाही. मग एक दिवस बघितलं तर त्यातली एकच चप्पल जागेवर.

वर्गातली शबाना वाकून तिच्याकडं बघू लागली. म्हणाली, "मॅडम, अब इसको पेअर बोलना क्या?"

*

अन् बिरूभाऊ. पन्नाशीचा मेंढपाळ. दोन उन्हाळ्यांत त्याची मेंढरं पाण्यावाचून मेली, एकूण एक. आता नव्या सोसायटीत वॉचमनची नोकरी हवी होती, म्हणून आला.

मी 'फ्लॉक' शिकवला, म्हणजे मेंढरांचा कळप. बिरूभाऊ उभा राहिला. "माय फ्लॉक इज डाउन."

पोरी हसल्या. मी विचारलं, "डाउन म्हणजे खाली?"

"व्हय. माज्या मागं येतेत. जिना चढाया भेतेत."

पोरींनी वाकून जिन्यात बघितलं.

तेवढ्यात खालचे दुकानदार धापा टाकत वर आले. "मॅडम, मेंढरं कोणी आणली? आठवड्याचं पाणी भरून ठेवलं होतं, पिंप पार कोरडं!"

आम्ही सगळे खाली धावलो. पिंप तळापर्यंत रिकामं. फरशीवर थेंब नाही. काठाला मात्र काळी लोकर चिकटलेली.

बिरूभाऊनं ती बोटानं सोडवली, हुंगली. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"समदी पिऊन रस्त्याला लागलीत, एक कोकरू मागं राह्यलं," तो म्हणाला अन् रस्त्यावर जाऊन त्यानं हाळी दिली.

औरंगपुऱ्यातल्या रिक्षा, स्कूटरी, सगळ्या वाट दिल्यासारख्या थांबल्या.