आतोबांचा पाचवा विद्यार्थी

रशियन कादंबऱ्यांतल्या माणसांची काळजी माझ्या आतोबांइतकी मनापासून वाहणारा माणूस डोंबिवलीत तर सोडाच, मॉस्कोतही सापडला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आत्याचे हे यजमान मुंबईतल्या एका कॉलेजात रशियन भाषा आणि साहित्य शिकवत. घरातला गॅस संपल्याचं त्यांना दोन दिवसांनी कळे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या जमीनदाराच्या मुलीचं लग्न मोडलं की त्यांना जेवण जात नसे. एकदा भाजी आणायला गेले ते भाजीवाल्या आगरी बाईला अशीच एक गोष्ट सांगत उभे राहिले आणि रिकामी पिशवी घेऊन परतले. पुढच्या आठवड्यात आत्या गेली तर ती बाई म्हणाली, "मास्तरान्ला इचार गो, त्या पोरीचा मंग काय झाला?"

हाक मारताना माणसाच्या वडिलांचं नाव जोडायचं, ही रशियन रीत त्यांनी घरात आणली होती. त्यामुळे मी सुहास वसंतोविच आणि आत्या मंगला गोपाळोव्ना. लग्नानंतरही बापाचंच नाव लागतं, एवढी एक रशियन गोष्ट आत्याला पसंत होती.

नव्वदनंतर तो देशच मोडला. पेपर वाचून आतोबा शांतपणे म्हणाले, "देश मोडला असेल, व्याकरण शाबूत आहे." पण मुलं कॉम्प्युटरकडे वळली होती. पुढच्या जूनमध्ये रशियनच्या दोन वर्षांच्या वर्गाला चारच अर्ज आले. पाच नसतील तर वर्ग बंद, असं प्राचार्यांनी सांगितलं. आतोबा आत्याला घेऊन आमच्या घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं, "तू ये." मी नुकताच कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. नाही म्हणालो. त्यांनी मान हलवून चहा संपवला. तेव्हा आत्या म्हणाली, "मी लग्नाआधी बीए झालेय. चालेन ना? बावीस वर्षं ऐकतेय, आता वाचून बघते."

पाचवा अर्ज तिचा गेला. पहिल्याच चाचणीत विभक्ती चुकल्या म्हणून आतोबांनी तिला नापास केलं. "घरचं माणूस म्हणून मार्क वाढवले तर बाकी चौघांना काय तोंड दाखवू?" आत्या दोन दिवस त्यांच्याशी कुठल्याच भाषेत बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती कणीक मळताना विभक्ती पाठ करत होती. परीक्षेत ती दुसरी आली.

तो वर्ग संपला त्याच वर्षी आतोबा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणाला घेणार नव्हते. शेवटच्या तासाला मी मुद्दाम गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. ते एक छोटी कथा वाचून दाखवत होते. शेवटचं पान उलटलं आणि त्यांचा आवाजच फुटेना. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी फुटेना. आत्या उठली, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि अडखळत, एकेक शब्द लावत वाचू लागली. आतोबा हळूच जाऊन तिच्या बाकावर बसले. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते.