दत्ताच्या डाव्या हातातलं अवजार

मला माझ्या मेहुण्याने, दत्ताने, फसवलं. कसं फसवलं ते आजतागायत सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय. अंगात येणं वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. हातगाडीवर जुनं पितळ-लोखंड विकत विकत मी नाशिकला भांडीबाजारामागे दुकान केलं. दत्ता, बायकोचा धाकटा भाऊ, आयता भागीदार म्हणून येऊन बसला.

दुकानाचा नियम मीच केला होता – ओळख न पटणाऱ्या वस्तूचा उपयोग जो सांगेल, त्याची ती वस्तू. दरवेळी मीच सांगायचो.

१९७९ च्या उन्हाळ्यात हरसूलच्या बाजारात एका म्हातारीकडून घासाघीस करून एक अवजार घेतलं. लाकडी मूठ, वीतभर दांडी, टोकाला नखासारखं वळलेलं पातं. शिक्का नाही, खूण नाही. कशाचं ते तिला विचारलं नाही. विकणाऱ्याला उपयोग विचारला की भाव चढतो. नाशिकला सुतार म्हणाला आमचं नाही, चांभारही तेच म्हणाला. महिनाभर मी ते उजव्या हातात धरून फिरवून पाहिलं, उशाशी घेऊन झोपलो...

एका दुपारी दत्ताने ते सहज उचललं. डाव्या हाताने. हा माणूस डाव्या हाताने साधं कुलूप उघडत नाही. उजवा हात त्याने मांडीवर गोल वाकवला, आणि त्या रिकाम्या जागेत पातं फिरवायला लागला. खर्र... खर्र... समोरचा कल्हईवाला आवाज ऐकून उठून आला.

"दाजी, भोपळा आहे," दत्ता म्हणाला. "वाळलेला. आतून कोरायचा, मग नळी लावून फुंकून वाजवायचा."

"कोणी सांगितलं तुला?"

"हातालाच कळतंय. वस्तू माझी झाली ना मग?"

त्याच्या मांडीवर भोपळ्याच्या वाळक्या बिया पडल्या होत्या.

पुढच्या बाजाराला मी अवजार घेऊन हरसूल गाठलं. म्हातारी बसलेलीच होती.

"तारप्याचा भोपळा कोराया," ती म्हणाली. "माझ्या घरवाल्याचं व्हतं. गेला तो."

"मला का नाही जमत?"

तिने पातं फिरवून दाखवलं. धार एकाच अंगाला होती. "डावरा व्हता तो. तुझ्या उजव्या हातानं नाय चालायचं. घेताना इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

दत्ता जन्मात हरसूलला गेला नाही. बिया खिशातून आणल्या असतील, मानतो. कल्हईवाल्याला फितवलं, तेही मानतो. पण तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय.

आता ते अवजार दत्ताच्या घरी काचेच्या कपाटात आहे. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या दत्ताला उपजत जाण आहे हो." आणि मी? मी लोखंडात उभा जन्म काढला.

दत्ताला विचारलं की हसतो. मग त्या मेलेल्या माणसानेच सांगावं. महिनाभर उशाशी मी होतो. डावा हात मलाही आहे. मग त्या आळशाचाच का धरला? उत्तर पाहिजे मला.