हसत म्हटलेला ढावलो

लग्न लागून निघताना आमच्या बंजारा तांड्यातली पोरगी याडीच्या, म्हणजे आईच्या, गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यात असतं. त्याला ढावलो म्हणतात. अलीकडच्या पोरींना तो येईना, कारण आमची गोरबोलीच येईना. घरात सगळं मराठी, मोबाइलवर हिंदी. माझ्या धाकट्या बहिणीला एकच आस होती, की लेकीनं सासरी जाताना तरी आपल्या बोलीत रडावं.

म्हणून मंगरूळपीरजवळच्या आमच्या तांड्यात मी पोरींचा गानमेळा जमवला. माझी म्हातारी काकी आधी गोरबोलीत एखादी गोष्ट सांगायची, मग ढावलो शिकवायची. तोही जोडीजोडीनं, एकमेकींच्या गळ्यात पाडून. पोरी लाजल्या की करवादायची, "मोकळ्या हवेले कोनी ढावलो म्हणते काय?" भाचीच्या तोंडात बोली छान बसली. वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग वाशीमच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. तिथला संयोजक तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत तालीम बघत होता. म्हणाला, "मॅडम, ह्या पोरी गळ्यात कायले पडून राह्यल्या? माइकमधी आवाज येत नाही. समोर पाहा, हसा जरा. रडकं कोन पाह्यते?" पोरींना भाड्याचे चमचमते घागरे चढवले, मागे ढोलकीचं रेकॉर्ड लावलं. आणि पोरी हसल्या हो! काळीज फाटावं असे बोल दात दाखवत म्हटले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला शिसारी आली. त्या खर्र्याच्या तोंडाची, शिट्ट्यांची, पहिल्या नंबराच्या प्लास्टिकच्या ढालीची. काकी बाहेर जाऊन थुंकली. "मेल्याच्या दारातून वरात काढली तुमी," एवढंच म्हणाली. पोरी मात्र ढाल घेऊन फोटो काढत बसल्या होत्या.

पुढच्याच महिन्यात भाचीचं लग्न झालं. निघायची वेळ झाली तशी बहीण मांडवाच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. डोळे आधीच भरलेले. भाची आली, आईच्या हातभर अलीकडे थांबली, पदर सारखा केला आणि मोबाइल धरलेल्या पाहुण्यांकडे वळली. सगळा ढावलो म्हटला तिनं. समोर बघून, हसतमुखानं. बोली अस्सल, एक शब्द चुकला नाही.

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बहिणीचे हात अजून पसरलेलेच होते. तिनं ते हळूच खाली घेतले, इकडेतिकडे पाहिलं, आणि तीही टाळ्या वाजवू लागली.