गयाबाईंना न दिलेला पेपर

लिहायला बसले आहे खरी, पण हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तशी मी नेटकी बाई. वाणसामान, उन्हाळी वाळवणं, लग्नातले आहेर, सगळ्याची यादी करते आणि काम झालं की रेघ मारते. या एका गोष्टीवर रेघ कुठे मारायची?

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता तेव्हा मी पेडगावात बायकांचा साक्षरता वर्ग घेत असे. शाळेच्या ओसरीत, दुपारी. ती ओसरी आजही मला पाण्याखाली असल्यासारखी दिसते — कडुलिंबाची सावली फरशीवर हलते आहे, कुणाच्या पदराला चिकटून आलेला कापूस तरंगतो आहे, आणि अर्ध्या झोपेत बायका एका सुरात अक्षरं म्हणताहेत. अक्षरं झाली की मी पेपर वाचून दाखवायचे. परभणीहून एसटीनं येणारा तो एकच पेपर, आणि तो उघड एका बाजूचा — नामांतराच्या विरोधातला. मला तो आवडत नसे. पण दुसरा होता कुठे?

एकदा त्यात लेख आला, की नाव बदलून कुणाचं भलं होणार? तो मी जसाच्या तसा वाचला. पाटलांच्या घरच्या सोनाबाई मान डोलावत म्हणाल्या, "खरंच हाय की. नुसतं नाव बदलून काय व्हायलंय?"

सतरंजी सोडून, ओसरीच्या कडेला गयाबाई बसत. बौद्धवाड्यातल्या, मुलगा परभणीला कॉलेजात. त्या म्हणाल्या, "काईच व्हत न्हाई, तर मग सून घरात आली की तिचं नाव कामून बदलता, पाटलीणबाई?"

मग असं हसू फुटलं की पाटीवरची पेन्सिल घरंगळली. "लय चाबरी हायेस गं गया!" म्हणत सोनाबाईही हसल्या. आणि मग, जरा वेळानं, कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "मला माहेरी सुंदर म्हणायचे. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई."

त्या दुपारी कुणाला घरी जायची आठवण राहिली नाही. नाव कोण देतं, कोण नुसतं वागवतं... गयाबाई म्हणाल्या, बौद्ध हे आमचं नाव आमी घेतलं तवा पाठ ताठ झाली. सोनाबाईंना ते पटलं नाही, तसं त्यांनी सांगितलंही. पण उठताना सतरंजीचं टोक त्यांनी गयाबाईंकडे सरकवलं. एवढं माझ्या कुठल्या धड्यानं झालं होतं का?

दुसऱ्या दिवशी सोनाबाईंचे दीर रस्त्यात भेटले. "वर्ग लय रंगायलाय म्हणं, बाई?" एवढंच बोलले. धाक नाही, दमदाटी नाही. मी मात्र "छे, नुसती अक्षरं गिरवतो आम्ही" म्हणत पाय उचलला.

त्याच दिवशी लेखाचा पुढचा भाग आला. तो वाईट होता. शिकणाऱ्या बौद्ध मुलांना त्यात फुकटे म्हटलं होतं. त्यांच्या मोर्चात चालणाऱ्या आयांबद्दल त्याहून वाईट काही होतं. मी वाचायला लागले, आणि — कसं सांगू? — वाक्यं गाळत गेले. मधल्या जागा पदरच्या शब्दांनी भरल्या. शांतता, सलोखा, सगळ्यांनी समजून घ्यावं... बायकांना पेंग येऊ लागली. वर्ग कसा छान शांत झाला.

गयाबाई म्हणाल्या, "बाई, त्यात आमच्या लेकरांबद्दल लिवलंय ना? माझ्या लेकानं सकाळीच परभणीत वाचलंय, पेपराच्याच गाडीनं घरी आलाय. मला त्याचं उत्तर द्यायचंय, समद्यांसमोर."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. पेपर माझ्या हातात.

मी म्हणाले, "तसं काही नाही यात."

त्यांनी हात पुढे केला. "द्या बरं. एकेक अक्षर लावून बघते." ती अक्षरं मीच शिकवली होती. मी पेपराची घडी घातली आणि पिशवीत टाकली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या ओशाळल्या. "लेकाचंच चुकलं म्हणायचं," असं म्हणून सगळ्यांसमोर त्यांनी माझी माफी मागितली. मी ती मागू दिली.

एकतर्फी लिखाण वाचू नये, त्यानं डोकी भडकतात, असं जाणती माणसं म्हणतात. भडकतातही. पण त्या लेखाला निदान उत्तर देता येत होतं. माझ्या गोड वाचनाला काय उत्तर देणार? त्यानंतर वर्गात पाण्यापावसाच्या गप्पा झाल्या. गयाबाई पुन्हा कडेला बसू लागल्या, आणि सोनाबाईंच्या ते लक्षातही आलं नसावं.

मुलगा खोटं बोलला, असं त्या घरी किती दिवस धरून बसल्या? मी कधी विचारलं नाही.

या संक्रांतीला नामविस्तार झाला. त्यानंतर परभणीच्या एसटी स्टँडवर गयाबाई भेटल्या, केस पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा. शेजारी उभ्या मुलाला म्हणाल्या, "ह्याच आमच्या बाई. यांनी कधी खोटं वाचलं न्हाई." तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं तो लेख वाचलेला होता.

गयाबाईंनी पेढा पुढे केला. मी घेतला. त्याच्यासमोर खाल्ला.