टकटकणारी नळी आणि नवी विहीर

ती घटना आठवली की त्या नळीची टकटक आजही माझ्या कानात वाजते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी तळोद्याला फौजदार होतो. डोंगरातल्या दगडांत किरणोत्सर्ग किती, ते मोजायला एक सरकारी अधिकारी आला आणि गावाबाहेर तंबू ठोकून राहिला. खांद्याला पेटी, तिला तारेने जोडलेली विजेरीएवढी नळी. जमिनीजवळ धरली की ती टकटक वाजायची. एका सकाळी पेटीसकट नळी गायब झाली.

अधिकाऱ्याने नाव घेतलं गावातल्या एकुलत्या एक कल्हईवाल्या चाचांचं. आदल्या दिवशी पेटीची तुटलेली तार डाख देऊन जोडायला ते तंबूत गेले होते. पंचनामा करून मी त्यांना कोठडीत घातलं. शुक्रवारी त्यांच्या मुलीचा निकाह होता.

"साहेब, डाख दिना अन् निंघी गऊ," ते पुन्हा पुन्हा सांगत. "मन्ही पोरनं लगीन मोडी जाई."

मी ऐकून घेतलं, सोडलं नाही. रडण्याला पुरावा मानायची आमच्या खात्यात पद्धत नव्हती. खरं तर मला त्या अधिकाऱ्याचाही संशय होता. दगडांत एवढं काय शोधतो हा?

गुरुवारी विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या तणतणत ठाण्यात आला. "तो बागाईतदार हीर खंदी ऱ्हायना, अन् माले इचारं बी नई!"

मी हवालदाराला म्हटलं, टोपी घाल. खानदेशात माणूस एकवेळ सोयरिक परस्पर ठरवेल, पण पाणाड्याला विचारल्याशिवाय विहिरीचा नारळ फोडणार नाही.

मळ्यात खोदकाम जोरात होतं. "जागा कोणी दाखवली?" मी बागाईतदाराला विचारलं. त्याची नजर कडब्याच्या गंजीकडे गेली. नळी तिथेच निघाली.

"चोरी नई, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "पानी लागनं का परत ठेवाव व्हतू. आठे ती वाजनी ना!"

नळी ओळखायला बोलावलेला अधिकारी कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, ती कुठेही थोडी वाजतेच! कुठे जास्त वाजते, ते बघायचं असतं."

पुढे नोकरीभर मी हे वाक्य जपलं. संशयाचंही तसंच आहे. ज्याच्यावर धराल त्याच्यावर थोडा वाजतोच.

चाचांना त्याच संध्याकाळी सोडलं. निकाह वेळेवर झाला. पण ते ठाण्याची पायरी पुन्हा चढले नाहीत. माझी बदली होईपर्यंत आमची पितळी पातेली कल्हईवाचून राहिली, आणि आम्ही पितळेत कळकून कडवट झालेली आमटी मुकाट्याने खात होतो.