नांदेड ते लातूर, आखडलेल्या मुठीने

पत्र टाकून महिना उलटला तरी दत्ताचं उत्तर आलं नाही, तेव्हा मीच लातूरला निघालो. निजामी अमलातली शाळा, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी होतीच. शनिवारची रजा हेडमास्तरांकडून मागून घेतली.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, आता लातूरच्या दवाखान्यात कंपाउंडर. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरची मोटारसायकल आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. काही महिने माझ्याकडे, काही त्याच्याकडे. थंडीभर ती त्याच्याकडे होती. संक्रांतीला परत आली ती थ्रॉटलची मूठ आखडूनच. पिळायला जोर लागायचा आणि पिळली की तिथेच राहायची, सोडली तरी मागे येईना. मी रागाच्या भरात लिहिलं, ‘तुला यंत्राची कदर नाही. तुझ्या हाती गाडी दिली ही माझी चूक.’ आता समोरासमोर बसून भागीदारी मोडायची, असं ठरवलं होतं. पण एकुलता एक जिवाभावाचा मित्र तुटणार, हेही दिसत होतं.

या वाटेने जाणाऱ्यांनी पेट्रोलचा डबा नांदेडहूनच बांधून घ्यावा. सडक मुरमाची, लोह्यापर्यंत बरी, पुढे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. मैलाच्या दगडांवरचे आकडे उर्दूत आहेत. येत नसतील तर लोकांना विचारावं, मात्र “हे काय, जवळच हाय” यावर विसंबू नये. लोह्याला एक आण्याची भजी घेतली. गरम होती, पण निम्मी तशीच टाकून उठलो. बसवतच नव्हतं. दोन्ही अंगाला ज्वारी, मधल्या पट्ट्यांत करडई पिवळी झालेली. एरवी उतरून पाहिलं असतं.

अहमदपूरच्या अलीकडे वळणावर मेंढरं आडवी आली. मूठ सोडली, तरी गाडी आपली पळतेच आहे! क्लच दाबला तर इंजिन बोंबलायला लागलं. ब्रेक दाबत सरळ कुणाच्या तरी ज्वारीत घुसलो. मेंढरं वाचली, माझा पायजमा गुडघ्यावर फाटला.

धनगर धावत आला. “पाव्हणं, थांबत न्हाई का हे?”

“थांबतं. पण त्याच्या मनानं.”

“मंग आमच्या एडक्यावानीच हाय,” म्हणत त्याने गाडी बाहेर ओढायला हात दिला.

चाकूर येईस्तोवर मनगट सुजलं होतं. सडकेलगत तेलाचा घाणा दिसला. मालकीण, साठीची तेलीणबाई, डबे पुसत होती. “मावशी, वाटीभर करडईचं तेल द्या,” मी म्हणालो. “या मुठीच्या तारेत सोडायचंय.”

“करडईचं? अन् लोखंडाला?” तिने एका जुन्या डब्याचं तोंड माझ्यापुढे धरलं. कडेला पिवळी, चिवट साय धरली होती. “वारं लागलं की असं चिकटतं. थंडीत तर निस्ता गोंद.” मग मुठीपाशी वाकून तिने तारेचं टोक बोटाने चोळलं, हुंगलं. “ह्येच्यात पयलंच हाय की! कुणी घातलं?”

मला एकदम आठवलं. खंडेनवमीला मी गाडीची पूजा केली, हार घातला आणि घरातल्या बिजागऱ्यांना घालतो तेच करडईचं तेल हौसेने तारेत सोडलं. दत्ता गाडी घेऊन गेला तो त्यानंतर.

“मित्रानं,” मी म्हणालो.

“लई शहाणा हाय तुमचा मित्र.”

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तरी खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

काम तासाभराचं निघालं. ज्यांची मूठ अशी आखडेल त्यांच्यासाठी लिहितो. मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी तार वेष्टणासकट दोन्हीकडून सोडवून खुंटीला उभी टांगली, वरच्या टोकाला कागदाचा पुंगळा बांधून रॉकेल ओतत राहिलो आणि आतली तार वरखाली केली. आधी काळा चिकटा निघाला, मग स्वच्छ रॉकेल. मुठीच्या आतली नळीही तशीच धुतली. शेजारच्या शिंप्याने शिलाई मशीनचं पातळ तेल दिलं, त्याचे चार थेंब सोडले. मूठ पिळून सोडली तर टपकन जागेवर आली. तेलीणबाईने टाळी वाजवली. मला मात्र कधी एकदा लातूर येतं आणि कधी येऊच नये, असं दोन्ही होत होतं.

दत्ता दारातच भेटला. मी काही बोलायच्या आधीच तो घरात गेला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. नवी कोरी तार! हैदराबादेहून मागवलेली.

“हिचीच वाट बघून राहिलो होतो,” तो म्हणाला. “काल आली. म्हटलं, नुसतं माफीचं पत्र काय लिहायचं. माझ्याच हातनं बिघडली ना.”

“दत्ता, तुझ्या हातनं नाही. करडईचं तेल मी घातलं होतं. आणि वाटेत एकीला तुझंच नाव सांगितलं.”

त्याने मूठ एकदा पिळून सोडली. मग म्हणाला, “हातपाय धू. जेवण झालंय तयार.”

भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. त्याने आग्रह करकरून वाढलं. सकाळी वेशीपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, गाडी ठेव, आता तुझी पाळी. “राहू दे तुझ्याकडं,” म्हणाला, आणि नवी तारही माझ्याच पिशवीत कोंबली.

परतीला वाट चांगली गेली, मुठीने एकदाही त्रास दिला नाही. दत्ताची पत्रं आता नेमाने येतात. आईची तब्येत विचारतो, शाळेची चौकशी करतो, आणि शेवटी न चुकता लिहितो, ‘तुझी गाडी कशी आहे?’ मी दर वेळी ‘आपली गाडी मजेत आहे’ असं कळवतो. पुढच्या पत्रात तो पुन्हा ‘तुझी’च लिहितो.