आईचा मसाला काळा कसा व्हायचा

मित्रांनो, आईला जाऊन वर्ष होत आलं आणि तिच्या हातचा काळा मसाला परवा संपला. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यातल्या किराणा दुकानातून धणे, दगडफूल, खोबरं, लवंगा असं सगळं आणलं. कपाट पुसलं, बरण्यांवर नावं लिहिली.

मग मंद आचेवर एकेक जिन्नस भाजला. काहीच करपू दिलं नाही. तरी मिक्सरमधून मसाला तांबूसच निघाला, आणि तिच्या मसाल्याचा वास काही येईना.

बाबा दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोट्ट्या, तू बहुतच सांभाळून भाजून राहिला. तुही आई बाजूच्या भाभीसंग खिडकीतून गप्पा मारत भाजे. दरवेळी धणे करपत."

"मग आता काय करू?"

"टाक अजून धणे कढईत, अन् बोल माह्यासंग."

बोलायला विषय एकच होता, आणि तो आम्ही दोघांनी वर्षभर टाळला होता. आज तिच्याबद्दल बोलत राहिलो. धणे काळे पडले, आणि स्वयंपाकघरभर तोच वास पसरला.

"हव, हाच," बाबा म्हणाले. "आता गॅस बंद कर."

तुमची आई मसाला भाजताना काय करायची?